सानरेमो की मेलोडिफेस्टिवालेन? एकच पाहायची असेल तर

दोन्ही पाहायच्या, असं मी सलग तीन वर्षं ठरवलं आणि जमलं नाही. इटलीच्या सानरेमो या गाण्यांच्या स्पर्धेची अंतिम रात्र शनिवारी असते, आणि स्वीडनच्या मेलोडिफेस्टिवालेनच्या फेऱ्याही शनिवारीच. 2025 च्या 15 फेब्रुवारीला तर दोन्हीकडे एकाच वेळी गाणी चालू होती. शेवटी एक धरावी लागली. युरोव्हिजन या देशादेशांमधल्या गाण्यांच्या स्पर्धेला जाणारं गाणं एखादा देश कसा निवडतो, हे एका ठिकाणी बसून नीट पाहायची इच्छा असेल, तर माझा अनुभव कदाचित उपयोगी पडेल.

बंद दाराआडच्या निवडीचाही एक मार्ग आहे, पण त्यावर फार बोलत नाही. निकालाच्या बाजूने पाहिलं तर त्याला नावं ठेवायला जागा नाही: 2024 ला स्वित्झर्लंडचा नेमो आणि 2025 ला ऑस्ट्रियाचा जेजे, दोघेही असेच निवडले गेले आणि दोघेही जिंकले. फक्त आपल्या हाती थेट तयार गाणं येतं. स्पर्धेत आणखी कोणती गाणी होती, कोणतं थोडक्यात हुकलं, हे कळत नाही. मला तर त्यातच जास्त रस आहे.

स्वीडनचं काम चोख, हे आधी मान्य करतो. 2002 पासून स्पर्धा शहराशहरांतून फिरते, दर शनिवारी नवी गाणी येतात, कार्यक्रम वेळेत सुरू होतो आणि वेळेत संपतो. गाणं पहिल्यापासूनच युरोव्हिजनच्या तीन मिनिटांच्या मर्यादेत बसवलेलं. अंतिम फेरीत निम्मं वजन प्रेक्षकांच्या मतांना आणि निम्मं परदेशी ज्युरींना, त्यामुळे सीमेपलीकडे हे गाणं कसं ऐकलं जाईल याचा अंदाज घरीच येतो. युरोव्हिजनमध्ये सात विजेतेपदं, आयर्लंडच्या बरोबरीने, ही काही योगायोगाने मिळत नाहीत. आणि सगळं साच्यातलंच असतं असंही नाही. 2025 ला फिनलंडच्या स्वीडिश बोलणाऱ्या भागातलं ‘काय’ (KAJ) या नावाचं त्रिकूट सौनावरचं, म्हणजे तिकडच्या बाष्पस्नानावरचं, गाणं त्यांच्या बोलीत गात आलं, आणि 2015 चा युरोव्हिजन विजेता मोन्स झेल्मरलेव समोर असताना जिंकून गेलं. त्या रात्री मीही खुर्चीतून उठलो होतो.

माझं मन उडालं ते एका साध्याच गोष्टीवरून. एका वर्षी मला फार आवडलेल्या गाण्याचं प्राथमिक फेरीतलं आणि अंतिम फेरीतलं सादरीकरण मी पडद्यावर शेजारी-शेजारी लावलं. दुसऱ्या कडव्याच्या आधी गायक मान वळवून कॅमेऱ्यात बघतो आणि हसतो. दोन्हीकडे तेच वळणं, तेच हसू, त्याच अक्षरावर. कॅमेरा त्याच क्षणी खाली येतो, धूर त्याच ठोक्याला उसळतो. एका बाजूचा आवाज बंद करून दुसऱ्या बाजूचे ओठ पाहिले, तरी फरक जाणवेना. मुख्य गायक खरोखर गात असतो, त्याबद्दल शंका नाही. पण वाद्यं ध्वनिमुद्रित, 2009 पासून मागचे आवाजही ध्वनिमुद्रित चालतात. गाण्याला इकडे-तिकडे सरकायला जागाच उरत नाही. मग मी त्या काही आठवड्यांत नेमकं काय पाहत होतो? गाणं पहिल्या शनिवारीच पूर्ण झालेलं होतं, नंतर फक्त गुण मोजायचे राहिले होते. तुम्हाला हे खटकणारही नाही. मला मात्र तेव्हापासून दुसरं काही दिसेना.

सानरेमोत पाच रात्री, समोर जिवंत वाद्यवृंद. गायक येण्याआधी त्या गाण्याचा वाद्यवृंद कोण सांभाळणार त्या मायेस्त्रोचं नाव पुकारलं जातं, आणि तो खाली उभा राहून मान लववतो. पहिल्या रात्री अनेकांचा आवाज घाबरलेला असतो, पट्टी जरा घसरते. तेच गाणं शनिवारी ऐकावं: श्वास कुठे घ्यायचा ते सापडलेलं असतं, एखादी ओळ जरा रेंगाळून म्हटली जाते. आठवडाभरात गाणं आपल्या डोळ्यांदेखत पिकतं. वादकही नुसते पगारी हात नाहीत. 2010 च्या अंतिम रात्री ‘मालिका आयाने’ ही गायिका पहिल्या तिघांत आली नाही, तेव्हा वादकांनी स्वरलिपीचे कागद चुरगाळून रंगमंचावर फेकले होते.

तक्रारी आहेतच. कार्यक्रम मध्यरात्र उलटून कितीतरी वेळ चालतो. निकाल प्रेक्षक, पत्रकार आणि रेडिओवाले मिळून लावतात, त्यामुळे रुसवेफुगवे ठरलेले. 2019 ला फोनवरच्या मतांत उल्तिमो पुढे होता आणि जिंकला महमूद. (तो पुढे तेल अवीवच्या युरोव्हिजनमध्ये दुसरा आला.) विजेत्याला युरोव्हिजनला नकार देता येतो: 2016 ला स्तादियो हा बँड गेला नाही, 2025 ला ऑलीही गेला नाही. आणि मला सर्वांत दुखतं ते कात्रीचं. गाणं साडेतीन-चार मिनिटांचं असलं तर मे महिन्यातल्या युरोव्हिजनपर्यंत त्याची तीन मिनिटं होतात. युरोव्हिजनमध्ये 1999 पासून वाद्यवृंदच नाही, तेव्हा तोही मागे राहतो. मार्को मेंगोनीचं ‘दुए वीते’ मी फेब्रुवारीभर पूर्ण ऐकलं होतं. लिव्हरपूलच्या युरोव्हिजनला त्यातला तुकडा गेलेला लगेच कळला.

तरीही गंमत बघा. युरोव्हिजनसाठी मुद्दाम काहीच न बेतता इटली 2017 ते 2025 या काळात एकदाही सातव्या क्रमांकाच्या खाली उतरली नाही, आणि 2021 ला तिच्या मोनेस्किन या बँडने जिंकूनही दाखवलं. 2014 ला सानरेमो बाजूला ठेवून गायिका थेट निवडली होती, तेव्हा क्रमांक आला 21 वा. यावरून नियम काढावा असं मी म्हणणार नाही, पण माझ्या तराजूत याचं वजन पडतं.

शनिवारची दीड तासाची ठरीव बैठक हवी असेल, सगळं कुटुंब सोबत बसणार असेल, तर स्वीडन बरं पडेल. आठवडा मोकळा काढता येत असेल तर सानरेमो घ्या. पहिल्या रात्री सगळीच गाणी असतात, ती दमवते, म्हणून हवं तर शुक्रवारपासून सुरुवात करा. त्या रात्री स्पर्धक जुनी गाणी पाहुण्यांबरोबर गातात. 2025 ला लूचो कोर्सीने तोपो जीजो या बाहुल्या उंदराला सोबत घेऊन 1958 चं सानरेमो जिंकलेलं मोदून्योचं ‘नेल ब्लू दिपिंतो दी ब्लू’ गायलं होतं. ऑलीने नकार दिल्यावर बासेलच्या युरोव्हिजनला गेला तो हाच कोर्सी. तिथे तो गाण्याच्या मध्येच माउथऑर्गन तोंडाला लावून खरोखर वाजवतो.