सगळे कागद खरे होते

पुण्याजवळच्या नऱ्ह्यातला आमचा फ्लॅट 2019 मध्ये घेतला, 28 लाखांना. त्यातले 11 लाख बाबांच्या फंडाचे. आज त्या इमारतीच्या भिंतीवर नगररचना कायद्याच्या कलम 53 ची, म्हणजे बेकायदा बांधकाम काढून टाकण्याची नोटीस चिकटवलेली आहे. आम्हाला एकही खोटा कागद कुणी दाखवला नव्हता, म्हणूनच हे लिहितेय.

एजंट आमच्या तालुक्यातलाच. मला ताई म्हणायचा, बाबांना काका. निळ्या फाइलमधून एकेक कागद काढून बाबांच्या मांडीवर ठेवायचा. सातबारा, ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा, घरपट्टीची पावती, लाइटबिल. शेवटी इमारतीचा नकाशा, त्यावर ग्रामपंचायतीचा गोल शिक्का आणि सही.

मी विचारलं, "महारेराचा नंबर?" गृहप्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाचा हा नंबर.

"ताई, 500 चौरस मीटरच्या आतल्या प्लॉटला रेरा लागतच नाही. आपला चार गुंठ्यांचा आहे."

चार गुंठे म्हणजे साधारण 405 चौरस मीटर. घरी येऊन नियम शोधला, तर तो बरोबर निघाला आणि माझा त्या माणसावर विश्वास बसला. रेरा लागत नसला तरी बांधकाम परवानगी लागतेच, हे तेव्हा डोक्यातच आलं नाही.

राष्ट्रीयीकृत बँकेनं कर्ज नाकारलं. त्यांना मंजूर नकाशा हवा होता. एजंट म्हणाला, "मोठ्या बँका गावातल्या प्रकरणांना हात लावत नाहीत," आणि चार दिवसांत पतसंस्थेचं कर्ज करून दिलं. आपण तिथेच उठायला हवं होतं, असं बाबा अजून म्हणतात. बँकेचा वकील स्वतःच्या बँकेचे पैसे बुडू नयेत म्हणून कागद बघतो. तो नाही म्हणाला तर का म्हणाला, हे त्याच्याकडूनच ऐका, एजंटकडून नको. पुढे दस्त नोंदवला, स्टँप ड्युटी भरली, 1 टक्का नोंदणी फी भरली. सरकारनं पैसे घेतले म्हणजे सरकारला मान्य आहे, अशी आमची समजूत.

2022 च्या दिवाळीत तळमजल्यावरच्या मीटरच्या पेटीनं पेट घेतला. पाच मजल्यांना जिना एकच, तोही इतका अरुंद की वर येणाऱ्याला भिंतीला चिकटून उभं राहावं लागतं. धूर त्याच जिन्यानं वर आला. आम्ही पोरांच्या तोंडावर ओले टॉवेल धरून गच्चीत बसलो. बंब बोळाच्या तोंडाशीच अडकला, जवानांनी तिथून पाइप ओढत आणला. आग विझल्यावर त्यांच्यातल्या एकानं विचारलं, "मंजूर नकाशा कुणाकडे आहे?" मी तो शिक्क्याचा नकाशा आणून दिला. त्यानं टॉर्चच्या उजेडात पाहिला आणि काही न बोलता परत दिला.

मग मी माहिती अधिकारात अर्ज केला. उत्तर एका ओळीचं होतं: या गट क्रमांकात बांधकाम परवानगी दिल्याची नोंद नाही. 2015 मध्ये पीएमआरडीए, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, स्थापन झाल्यापासून नऱ्ह्यात परवानगी त्यांची लागायची. पाच मजले मंजूर करायचा अधिकार ग्रामपंचायतीला नव्हताच, त्यामुळे खऱ्या शिक्क्यालाही काही किंमत नाही. नमुना आठ ही कराची नोंद आहे. घरपट्टी बेकायदा बांधकामालाही लागते आणि वीजमीटरही मिळतो. 2021 मध्ये गाव महापालिकेत आलं, त्यानंही काही बदललं नाही.

घर बघताना गट क्रमांक लिहून घ्या आणि बांधकाम परवानगीचा क्रमांक, मंजूर नकाशा आणि इमारत वापरायला परवानगी देणारं भोगवटा पत्र मागा. हातात मिळालेल्या प्रतीवर थांबू नका, ती ज्या कार्यालयानं दिली तिथे स्वतः जाऊन ताडून बघा. आम्ही पोलिसांत तक्रार दिलीय. एजंटचा फोन बंद आहे, पतसंस्थेचा हप्ता मात्र चालू आहे.

गेल्या रविवारी दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट बघायला एक जोडपं आलं होतं. त्यातल्या बाईंच्या हातात तशीच निळी फाइल. मी त्यांना जिन्यातच थांबवलं, घरात नेलं आणि माहिती अधिकारातलं ते उत्तर वाचायला दिलं.