सोनी एफएक्स 30 : साउंडवालीच्या कानांनी

सोनीच्या या व्हिडिओ कॅमेऱ्याच्या चित्राबद्दल बक्कळ लिहून झालंय. रंग कसे येतात, अंधारात दाणे किती दिसतात, सगळं. मी लातूरची, काम साउंडचं. शूटिंगभर माझ्या कानाला हेडफोन असतो आणि चित्र मला एडिटिंगच्या वेळीच नीट बघायला मिळतं. तेव्हा हे परीक्षण कॅमेऱ्याच्या एकाच भागाचं आहे, त्याच्या पंख्याचं.

आधी एक गोष्ट मान्य करू, पंखा लागतोच. सेन्सर आणि प्रोसेसर तापतात, आणि ती ऊब बाहेर काढली नाही तर कॅमेरा स्वतःच बंद पडतो. कॅननचा आर 5 हा कॅमेरा 2020 मध्ये आला तो पंख्याविना. 8के, म्हणजे फार बारीक तपशिलाच्या रेकॉर्डिंगला कंपनीनेच साधारण 20 मिनिटांची मर्यादा सांगितली होती, तीही थंड खोलीतली. 2022 मध्ये त्याच घराण्यातला आर 5 सी आला तेव्हा त्यात पंखा बसवलेला होता. एफएक्स 30 सुद्धा 2022 चाच. बॅटरी-कार्डासकट साडेसहाशे ग्रॅमच्या आसपास वजन, आणि एवढ्याशा पेटीत पंखा. 4के रेकॉर्डिंग लांबवर चालतं ते त्याच्या जोरावर. कॅमेरामन खूश. मला मात्र तो पंखा ऐकू येतो.

किती ऐकू येतो, हे खोलीवर आहे. लातूरच्या गंजगोलाईत बाइट घेत असाल तर पंखा आहे की नाही हे कळणारही नाही. लग्नात तर प्रश्नच नको, तिथे बेंजो सगळं गिळून टाकतो. माझं काम पडलं ते किल्लारी भागात. 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपातून वाचलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी रेकॉर्ड करायच्या होत्या. पुनर्वसनातली घरं म्हणजे सिमेंटच्या भिंती, वर स्लॅब, खाली फरशी, खोली बेताची. छताचा पंखा आणि कूलर आम्ही बंद करायला लावतो, फ्रिजची वायर काढतो. मग त्या खोलीत उरतो तो कॅमेऱ्याचाच पंखा, आणि चारही भिंतींवरून परत येतो तो त्याचाच आवाज. बोलणारी माणसं तर हळू बोलतात. मध्येच थांबतात, बराच वेळ थांबतात. त्या थांबण्यातच पंखा सगळ्यांत जास्त ऐकू येतो. एक आज्जी बोलता बोलता थांबून मला म्हणाल्या, ‘‘बाई, हे काय गुणगुणायलंय गं?’’ पंचाहत्तरीच्या पुढच्या कानांनाही तो लागला.

माळवदाच्या जुन्या घरात प्रकार वेगळा असतो. जाड मातीच्या भिंती, वर मातीचं छत, आवाज परत फिरत नाही. पण अशी घरं इतकी शांत असतात की तिथेही पंखा उघडा पडतो, फक्त घुमत नाही.

आता मेनू. पंख्याच्या चार रीती दिल्या आहेत: ऑटो, मिनिमम, मॅक्सिमम आणि ऑफ इन रेक, म्हणजे रेकॉर्डिंग चालू असेपर्यंत पंखा बंद. कॅमेरामन लोक ऑटोवर ठेवून मोकळे होतात. साउंडच्या दृष्टीनं ऑटोइतकं वाईट काही नाही. कॅमेरा तापला की पंखा मध्येच जोर धरतो, निवला की हळू होतो, आणि आवाजाची पट्टी बदलत राहते. एकसारखी सूं सूं असेल तर एडिटिंगला सॉफ्टवेअर तिचा नमुना घेऊन ती बरीच पुसतं. चढउतार असेल तर एका वाक्याचा नमुना पुढच्या वाक्याला लागू पडत नाही, आणि पुसायला गेलं की माणसाचा आवाजच पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा होतो. म्हणून लांब मुलाखत असेल तर माझं मत मिनिममला. आवाज राहतो, पण एकाच जागी बसून राहतो. मुलाखत संपली की पंखा त्याच गतीवर ठेवून, कुणालाही न बोलू देता अर्धा मिनिट रिकाम्या खोलीचा आवाजही घ्यायचा. तो नमुन्याला उपयोगी येतो.

ऑफ इन रेक उत्तम आहे, छोट्या टेकला. चार वाक्यांचा सीन, दोन मिनिटांचं उत्तर, बस्स. कट झाला की पंखा मॅक्सिममवर टाकायचा, कॅमेऱ्याला दम घेऊ द्यायचा. मोठ्या सिनेमांच्या कॅमेऱ्यांतही हेच तत्त्व असतं. रेड कंपनीच्या कॅमेऱ्यांत टेक चालू असताना पंखा हळू ठेवून मधल्या वेळात जोरात फिरवता येतो, ॲरी कंपनीच्या अलेक्सा मिनीत ‘रेक लो’ असतं, म्हणजे रेकॉर्डिंगपुरता पंखा हळू. तिथे टेकच्या मध्ये माणसं लाइट हलवत असतात, म्हणून कॅमेऱ्याला निवायला वेळ मिळतो. आमच्याकडे आज्जी बोलायला लागल्या की तासभर थांबत नाहीत, आणि त्यांना ‘‘थांबा, कॅमेरा तापलाय’’ म्हणायची माझी तरी छाती नाही.

शिवाय हवामान. माहितीपुस्तकात या कॅमेऱ्याचं वापराचं तापमान 0 ते 40 अंश दिलंय. मे महिन्यात परभणी-नांदेडकडे पारा बेचाळीस-त्रेचाळीस सहज गाठतो, आणि पत्र्याच्या खोलीत आत त्याहून जास्त. म्हणजे कॅमेरा सुरू करायच्या आधीच आपण पुस्तकाच्या बाहेर असतो. अशा वेळी पंखा बंद ठेवण्याचा हट्ट धरणारी साउंडवाली मी नाही. ‘ऑटो पॉवर ऑफ टेम्प’, म्हणजे किती तापल्यावर कॅमेऱ्याने बंद पडायचं ती मर्यादा, ‘हाय’वर करता येतं, पण मग कॅमेऱ्याचं अंग चांगलंच तापतं, ट्रायपॉडवरच ठेवायचा, हातात नाही. उन्हाळ्यात मुलाखती सकाळी नऊच्या आत उरकणं हे कुठल्याही सेटिंगपेक्षा गुणकारी.

खरा उपाय मेनूत नाहीच, अंतरात आहे. एफएक्स 30 च्या एक्सएलआर हँडलवर, म्हणजे मायकची वायर जोडता येणाऱ्या वरच्या मुठीवर, मायक लावायची सोय आहे आणि नवखे लोक तिथेच गनमायक, म्हणजे नळीसारखा लांब मायक, खोचतात. मग पंखा मायकपासून वीतभर आणि बोलणारा दोन मीटरवर. जिंकणार कोण? अंतर निम्मं केलं की आवाज 6 डेसिबलने वाढतो. मायक दोन मीटरवरून अर्ध्या मीटरवर आणला तर 12 डेसिबल पदरात पडतात, तेही फुकट. तेव्हा मायक बूमला, म्हणजे लांब काठीला, लावा, तोंडाच्या वर, चौकटीच्या जेमतेम बाहेर, आणि त्याचं तोंड कॅमेऱ्याकडे होऊ देऊ नका. लुगड्याच्या पदराआड लेपल, म्हणजे कपड्याला अडकवायचा छोटा मायक, लावला तर पदर सावरताना खरखर येते, म्हणून मी तो जोडीला ठेवते, भरवसा बूमवर. छोट्या सिमेंटच्या खोलीत लांब गनमायकपेक्षा हायपरकार्डिऑइड, म्हणजे मुख्यतः समोरचा आवाज घेणारा आखूड मायक, बरा वाटतो.

कॅमेरामनकडून एकच मागणं असतं: लांबची लेन्स लाव आणि मागे सरक. खोलीत जागा नसेल तर ट्रायपॉड दाराच्या बाहेर, ओसरीत सावलीला. दारातून चित्रही सुरेख येतं, हे तेच सांगतात. आणि वाकळ. घरात दोन-तीन असतातच, त्या कॅमेऱ्यामागच्या उघड्या भिंतीवर टांगायच्या, एक फरशीवर अंथरायची. पंख्याचं घुमणं कानाला कळेल इतकं कमी होतं. कॅमेऱ्यावर मात्र वाकळ टाकायची नाही. हवेच्या फटी बुजल्या तर पंखा अजून जोर करेल आणि शेवटी कॅमेरा बसेल.

तर घ्यावा का? मुलाखती आणि माहितीपट करणाऱ्यांनी जरूर. चार रीती हातात देणारा पंखा मला पंखाच नसलेल्या कॅमेऱ्यापेक्षा परवडतो. भाड्याने घेत असाल तर दुकानातच पंखा मॅक्सिममवर टाकून कान लावा. आपल्याकडे धूळ आणि तुरीचं भुसकट सगळीकडे शिरतं, आणि सीझनभर लग्नं फिरून आलेल्या कॅमेऱ्याचा पंखा सूं सूं सोडून कटकट करायला लागलेला असू शकतो. सूं सूं पुसता येते. कटकट आली तर दुसरी बॉडी मागा.