यूकॉनमधली गाइडसह मूस शिकार (धनुष्यबाण): हिवाळाभर मांस खाल्ल्यानंतरचं मत

यूकॉन हा कॅनडाचा वायव्येकडचा प्रदेश, आणि मूस हे तिथलं महाकाय हरीण. शिकार सप्टेंबरअखेरची आणि हे लिहितोय एप्रिलमध्ये. मुद्दामच थांबलो. मूस पडला त्या संध्याकाळी कुणीही पाच तारे देऊन मोकळा होईल. असल्या पॅकेजची खरी पारख मांस फ्रीजरमधून कुकरमध्ये जायला लागलं की होते. तळ्यावर उतरणारं विमान, केबिन, पुढे तंबू, एका शिकाऱ्यामागे एक गाइड, ही माहिती प्रत्येक आउटफिटर (शिकारीची सगळी व्यवस्था करणारा व्यावसायिक) देतोच, ती पुन्हा सांगत नाही.

माझी मुख्य तक्रार एकच आहे: मांस भरायच्या पिशव्या. वीस हजार अमेरिकन डॉलरच्या पुढचं पॅकेज, आणि त्यात आउटफिटरने दिल्या चीजक्लॉथच्या जाळीदार सुती पिशव्या, ज्यांचा अख्खा संच वीस-तीस डॉलरला मिळतो. हे कापड रिकामं असताना बऱ्यापैकी घट्ट दिसतं. आत मूसची मागची मांडी हाडासकट घातली, म्हणजे साठ-सत्तर किलो, की वीण ताणली जाते आणि भोकं उघडतात. हिरवी-निळी चमकणारी माशी बाहेर बसूनच त्या भोकांतून अंडी सोडते. ओलं झालेलं कापड मांसाला चिकटून बसतं, मधे हवा राहत नाही आणि मांसावर जो कोरडा पापुद्रा धरायला हवा तो धरत नाही. विलोच्या झुडपांतून पाठीवर वाहून आणताना फांदीत अडकलं की फाटतं ते वेगळंच.

यूकॉनमध्ये सप्टेंबरअखेर रात्री पारा शून्याखाली जातो, मग माशा कुठल्या, असं वाटेल. दुपारी ऊन पडून दहा-बारा अंश झाले की त्या हजर होतात. आमच्या एका मांडीवर खुब्याच्या सांध्याच्या घडीत तांदळाच्या कणीएवढ्या पांढऱ्या अंड्यांचे पुंजके निघाले. ज्या घडीत ओल राहते तीच जागा माशी शोधते, सपाट कोरडा भाग सोडून देते. त्या मांडीचा बाहेरचा बोटभर थर सोलून टाकावा लागला. मांडीचा थर म्हणजे कित्येक किलो स्वच्छ, बिनचरबीचं मांस. दहा-बारा डॉलरची पिशवी बरी असती तर ते वाचलं असतं. एवढे पैसे मोजल्यावर हे मला पटत नाही, आणि सहा महिन्यांनंतरही पटलेलं नाही.

तेव्हा पिशव्या स्वतःच्या न्या. दाट विणीच्या पॉलिस्टरच्या, धुऊन पुन्हा वापरता येणाऱ्या मिळतात. मूसच्या मापाच्या आठ लागतात: चार पायांना चार, पाठीच्या आणि कंबरेच्या आतल्या पट्ट्यांना एक, मानेला एक, फासळ्या व किरकोळ तुकड्यांना दोन. शिवणयंत्र असेल तर मांजरपाट घ्या. खळ निघेपर्यंत दोनदा गरम पाण्यातून काढा, मग साधारण ६० सेंमी रुंद, १२० सेंमी लांब पिशव्या शिवा. शिवण दुहेरी हवी. तळाचे कोपरे गोल करा, नाहीतर तिथे रक्त साचतं. तोंडाला नाडीऐवजी जाड दोरी घाला, कारण त्याच दोरीवर अख्खं वजन टांगलं जातं. मांजरपाट पॉलिस्टरपेक्षा सावकाश वाळतो, म्हणून दोन जास्तीच्या ठेवा आणि भिजलेली पिशवी दुसऱ्या दिवशी बदला.

पण पिशवी चांगली असली तरी मांस आधी थंड व्हायला हवं. पूर्ण वाढलेला यूकॉनचा नर पाचशे-सहाशे किलोंच्या घरात असतो आणि त्याचं कातडं व केस उष्णता धरून ठेवतात. उष्णतेने मांस खराब होतं ते बाहेरून नव्हे, हाडाजवळून, आणि सर्वांत आधी मांडीत. म्हणून जनावर पडल्यावर फोटोंचा सोहळा आवरता घ्या. वरच्या बाजूचं कातडं सोला, पुढचा फरा सुटा करा (तिथे हाडाचा सांधा नसतो, नुसतं स्नायूंत कापत गेलं की सुटतो), मग मागची मांडी खुब्यातून काढा, पाठीची पट्टी काढा, मान काढा. एवढं वजन कमी झालं की धड दुसऱ्या अंगावर पालटणं दोघांना जमतं. त्याआधी जमत नाही, उगाच कंबर धरते. सुटा केलेला पाय गवतावर टाकू नका. विलोच्या फांद्यांचा थर घालून त्यावर ठेवा, म्हणजे खालूनही वारा लागतो. मांडीत हाडाच्या कडेने एक उभी चीर देऊन खुब्याचा गोळा उघडा ठेवला की आतली ऊब निघून जाते. आमच्या गाइडने हे सगळं चोख केलं, म्हणून तर पिशवीचा राग जास्त येतो.

टांगताना वर ताडपत्री, पण ती मांसाला टेकलेली नको आणि बाजू उघड्या. एक लिटर पाण्यात साठ ग्रॅम सायट्रिक अ‍ॅसिड, म्हणजे आपण ढोकळ्यात घालतो तेच लिंबाचं फूल, विरघळवून फवारलं की मांसाचा पृष्ठभाग आंबट होतो आणि पापुद्रा लवकर धरतो. माशा त्यावर बसायला नाखूश असतात. अर्धा किलोचं पाकीट स्वस्त मिळतं आणि पूर्ण मूसला पुरून उरतं. टांगायची जागा तंबूपासून शंभरेक मीटरवर आणि लांबून दिसेल अशी हवी, कारण ग्रिझली अस्वल आलं तर ते तुम्ही तिथे पोचायच्या आधी दिसायला हवं. यूकॉनमध्ये खाण्याजोगं मांस रानात टाकून देणं गुन्हा आहे. शिंगं आधी आणि मांस नंतर असं वाहून आणणारा गाइड दिसला तर तिथल्या तिथे बोला.

आता धनुष्याकडे. गाइडने पहिल्याच दिवशी नियम घातला की तीस यार्डांपलीकडे बाण सोडायचा नाही. साठ यार्डांवर बाणांचा गट तळहातात मावतो अशा माणसाला हा नियम जाचक वाटतो, आणि ऑक्टोबरमध्ये लिहिलं असतं तर मी याचा एक तारा कापला असता. आता उलट वाटतं. मूस इतका मोठा असतो की चाळीस यार्डांवरचा पंचवीसवर उभा आहे असं डोळा सांगतो. रेंजफाइंडर (अंतर मोजायचं यंत्र) पुढच्या विलोच्या फांदीचं अंतर दाखवून मोकळा होतो, दूरच्या वस्तूचा मोड लावल्याशिवाय भरवसा ठेवू नये. आणि सेकंदाला २५० फूट वेगाच्या बाणाला तीस यार्ड कापायला सुमारे ०.३६ सेकंद लागतात, साठ यार्डांना त्याच्या दुप्पट. तेवढ्यात माजावर आलेला नर एक पाऊल टाकतो आणि फुप्फुसावर धरलेला नेम पोटात जातो. पोटात लागलेल्या जनावराला आठ-दहा तास हात लावता येत नाही, आणि तोवर अस्वलाला वास लागलेला असतो.

बाणाच्या वजनाबद्दल मात्र माझं मत आधीपासून पक्कं होतं आणि अजून तेच आहे. हरणासाठीचा ४०० ग्रेनचा (ग्रेन हे बाणाच्या वजनाचं एकक) वेगवान बाण इथे आणू नका. ४०० ग्रेन २८५ फुटांच्या वेगाने गेला तर ऊर्जा ७२ फूट-पाउंड. त्याच धनुष्यातून ५५० ग्रेन २५० फुटांनी गेला तर ७६. ऊर्जेत फरक थोडाच, पण संवेग (वजन गुणिले वेग) पाचव्या हिश्शाने वाढतो, आणि फासळी फोडून पलीकडे जायला तोच कामी येतो. पुढे दोन पात्यांचं, टोकापासूनच कापत जाणारं, न उघडणारं ब्रॉडहेड (बाणाचं धारदार टोक). उघडणारी पाती बाणाची बरीच ताकद उघडण्यातच खातात. ६५ ते ७० पाउंड ओढीचं धनुष्य पुरतं. ८० ओढायचा हट्ट करून थंडीत, जाड जॅकेटमध्ये, गुडघ्यावर बसून दोरी पूर्ण न ओढता येणं हे जास्त नुकसानीचं.

नेम खाली धरा. मूसच्या खांद्यावर जो उंचवटा दिसतो त्यात मणक्यांची लांब उभी हाडं असतात, मणका स्वतः त्याच्या बराच खाली असतो. पाठीची रेघ बघून मधोमध धरलेला बाण फुप्फुसांच्या वरच्या कडेला जातो. छातीच्या तळापासून एक तृतीयांश उंचीवर, पुढच्या पायाच्या किंचित मागे, जनावर पूर्ण बाजू देऊन उभं किंवा थोडं पाठमोरं असताना सोडा. समोरून तोंड करून येणाऱ्या नरावर सोडूच नका. बाण नीट लागला तरी मूस अनेकदा पळत नाही, जागीच उभा राहतो. अशा वेळी दुसरा बाण लावून गप्प बसा. उठून पुढे गेलात तर तो तळ्यात शिरतो, आणि पाण्यात पडलेला मूस बाहेर काढणं दोघातिघांच्या आवाक्यातलं नसतं.

सामानात दोन गोष्टी उगाच त्रास देतात. धनुष्याची कडक पेटी छोट्या विमानात मावत नाही, म्हणून यूकॉनची राजधानी व्हाइटहॉर्सपर्यंत कडक पेटी आणि पुढे मऊ पिशवी असं करा. बाण वेगळ्या नळीत, ब्रॉडहेड काढून. आणि ड्रॉप-अवे रेस्टची (बाण सुटताच खाली पडणाऱ्या बाणाच्या टेकूची) दोरी पाऊस पडून रात्री गोठली तर सकाळी रेस्ट खाली पडतच नाही. साध्या, केसाळ ब्रशच्या ब्रिसल रेस्टने वेग थोडा कमी होतो, पण तो गोठून दगा देत नाही. धनुष्याची तयार दोरी, पीप (नेम धरायची कडी) बांधून बसवलेली, आणि रिलीज (दोरी सोडायचं साधन) एक जादा ठेवाच. तिथे दुरुस्तीचं दुकान नाही.

नर बोलावण्याच्या कामाला पूर्ण गुण. गाइड शिकाऱ्याच्या मागे साठ-सत्तर मीटरवर बसून मादीचा लांब हंबरडा देतो, मग अर्धा तास शांतता, मधूनच फऱ्याचं वाळलेलं हाड झुडपावर घासायचं. नर वारा घ्यायला वळसा घालतो आणि त्या वळशात शिकाऱ्यासमोर येतो. हे अंतर कमी ठेवलं की नर शिकाऱ्याच्या पाठीमागून वास घेऊन निघून जातो.

माजाच्या भरात गेल्याचा तोटा जेवणाच्या ताटावर कळला. नर त्या काळात आठवडेच्या आठवडे जवळजवळ खात नाही, स्वतःच्या मुताने ओल्या केलेल्या खड्ड्यांत लोळतो, अंगावरची चरबी झडते. सोलताना केसांचा हात मांसाला लागला तर तो वास कितीही मसाला घातला तरी जात नाही. आमचं मांस सुदैवाने स्वच्छ निघालं, पण अगदी रोड. खिम्यात दहा टक्के डुकराची चरबी घातल्याशिवाय कबाब सुटतात. पाठीच्या पट्ट्या तापलेल्या तव्यावर दोन-दोन मिनिटं, त्यापुढे चामडं. नळ्या कुकरला तासभर मंद आचेवर लावून त्यांचा तांबडा रस्सा मात्र मटणाच्या तोडीचा होतो, आणि सीना सुक्यात मुरतो. मार्चपर्यंत खाऊन माझं मत असं झालंय की मांसासाठी जाणाऱ्याने सप्टेंबरचा पहिला पंधरवडा घ्यावा, नर बोलावल्यावर कमी येतो तरी. कलेजी आणि गुर्दे जपून: विलोच्या पाल्यातून कॅडमियम हा विषारी धातू तिथे साठतो आणि यूकॉनचं आरोग्य खातं ते मर्यादेतच खायला सांगतं.

पैशाचं. पॅकेजच्या आकड्यात परवाना, टॅग (त्या जनावरापुरती परवान्याची चिठ्ठी), पाच टक्के जीएसटी, गाइडची बक्षिसी आणि मांसाची वाहतूक बहुधा नसते. मोठ्या नराचं हाडाविना मांस दोनशे किलोंच्या वर जातं, ते व्हाइटहॉर्सहून पुढे घरी विमानाने नेणं परवडत नाही. एडमंटनच्या बाजूने येणाऱ्यांनी पिकअपमध्ये छोटा फ्रीजर आणि जनरेटर टाकून अलास्का हायवेने यावं, व्हाइटहॉर्सपासून सुमारे २००० किमी पडतं. मांस यूकॉनबाहेर न्यायला निर्यात परवाना लागतो, तो निघण्याआधी काढा. जेवढं नको तेवढं आधी सांगितलं तर जवळच्या फर्स्ट नेशन (मूळ रहिवाशांच्या) वस्तीत पोचवतात, आणि तिथे ते मनापासून हवं असतं. कॅनडाचे नागरिक किंवा कायम रहिवासी असाल आणि यूकॉनमध्ये कुणी जवळचं असेल, तर तो विशेष गाइड परवाना काढून तुम्हाला नेऊ शकतो. त्याला मोबदला घेता येत नाही, त्यामुळे खर्च कितीतरी पटींनी उतरतो. नुसतं मांसच हवं असेल तर कॅनडाच्या पूर्व टोकाचं न्यूफाउंडलँड पाहा, तिथली गाइडसहची शिकार याच्या निम्म्याहून कमी दरात होते. मूस तिथला लहान असतो, पण फ्रीजर भरतो.

पिशव्यांबद्दल आउटफिटरला लिहिलं. उत्तर आलं की वर्षानुवर्षं हेच वापरतो, आणि पुढच्या शिकारीवर थोडी सूट देऊ केली. सूट मागितलीच नव्हती, पिशव्या बदलता का एवढंच विचारलं होतं, त्यावर शब्द नाही. म्हणून गाइडला पाचपैकी पाच, जागेला पाच, आउटफिटरला तीन. बयाणा भरण्याआधी तीन गोष्टी लेखी घ्या: पिशव्या कोणत्या कापडाच्या आणि किती, मांस तळावरून व्हाइटहॉर्सला किती तासांत पोचेल, आणि त्या विमानफेरीचे पैसे कोण देणार. पहिल्या प्रश्नाला पिशवीचा फोटो पाठवणारा आउटफिटर बाकी दोन्ही प्रश्नांनाही सरळ उत्तर देईल.