अंगच्या उष्णतेची वीज: चिप बसवायची की धागा रंगवायचा?

अंगातल्या उष्णतेवर वीज देणारं कापड फायनल इयरच्या प्रोजेक्टला घ्यायचं ठरवताय? मग पुढचा प्रश्न ठरलेला: तयार पेल्टियर चिप (तापमानातल्या फरकावर वीज देणारी चपटी पाटी) पट्ट्यात बसवायची, की सुती धाग्यावर वीजवाहक पॉलिमर चढवायचं? तत्त्व दोन्हीकडे झेबेक या शास्त्रज्ञाचंच, १८२१ मधलं: एक टोक गरम, दुसरं थंड, की व्होल्टेज आलं.

नागपुरात आधी तो फरक कुठून मिळणार ते बघा. त्वचा ३३-३४ अंशांची. डिसेंबरच्या पहाटे फुटाळा तलावावर भरपूर फरक मिळतो. मे महिन्यात बाहेर ४५ अंश. उष्णता उलटी अंगाकडे येते आणि मीटरवर आकड्याआधी वजाचं चिन्ह दिसतं. सबमिशन उन्हाळ्यात असलं तरी रीडिंग थंडीतच घेऊन ठेवा.

१२७०६ नावाची चिप ४ सेंटिमीटरची चौकोनी, आत बिस्मथ टेल्युराइड या अर्धवाहकाच्या दोन प्रकारच्या तुकड्यांच्या १२७ जोड्या. एका जोडीला अंशामागे साधारण ०.४ मिलिव्होल्ट, म्हणजे चिपला ५०. वीस मिलिव्होल्टवर सुरू होणारे बूस्टर (व्होल्टेज वाढवणारी सर्किटं) मिळतात, त्यामुळे एका अंशातही काम भागतं. पण हात आणि हवेत वीस अंशांचा फरक असला तरी चिपच्या वाट्याला त्यातला थोडाच येतो. बाकीचा बाहेरच्या स्थिर हवेच्या थरात जातो. वरून ॲल्युमिनियमच्या पंखांचा हीटसिंक लावा. हात हलवत चाललं की आकडा चढतो, बाहीत घातला की लगेच पडतो. अडचण एकच, पण मोठी: चिप वाकत नाही, मनगटाला टोचते. याला कापड म्हणवत नाही.

धागा मात्र खरंच कापड होतो. पेडॉट-पीएसएस या वीजवाहक पॉलिमरमध्ये बुडवून वाळवला की निळसर काळा दिसतो, सुईत ओवता येतो. मला मनापासून आवडतो तो हाच. पण अंशाला १५-२० मायक्रोव्होल्टच देतो. जोडीला चांदीचा मुलामा दिलेला धागा घ्यावा लागतो, कारण उलट्या प्रकारची, म्हणजे ऋण भार वाहणारी, बहुतेक पॉलिमरं हवेत टिकत नाहीत. चिपइतकं व्होल्टेज हवं तर तीन हजारांवर जोड्या शिवायच्या! शिवाय पातळ कापडात फरक टिकत नाही, जाड फेल्ट लागतं. आणि घाम आला की पॉलिमर ओलावा पितं, व्होल्टेज फुगून दिसतं. त्या आकड्यावर विश्वास ठेवू नका.

हातात एकच वर्ष असेल तर चिप घ्या. टेक्स्टाइल किंवा केमिकलचे असाल, एमटेकची दोन वर्षं असतील, तर धागा. मोबाइल चार्ज होईल असं कुणालाही सांगू नका. चिपसुद्धा चौरस सेंटिमीटरला काही मायक्रोवॉटच देते, यात एखादा तापमानाचा सेन्सर चालतो. दहाच जोड्या शिवा, पण धुण्याआधीचा आणि धुतल्यानंतरचा रोध वहीत लिहून ठेवा. व्हायव्हात पहिला प्रश्न तोच येतो.