फोल्डस्कोप: कागदी सूक्ष्मदर्शकातून मुलांना खरोखर काय दिसतं

मुलांसाठी सूक्ष्मदर्शक शोधायला गेलं की आधी नजरेत भरतो तो खोक्यावरचा आकडा. ६०० पट, ९०० पट, १२०० पट. त्या रांगेत फोल्डस्कोप अगदीच बापुडा वाटतो: कागदाचा, घड्या घालून बनवायचा आणि आकडा जेमतेम १४०. तरीही दहा ते चौदा वर्षांच्या मुलाचा पहिला सूक्ष्मदर्शक म्हणून आमचं मत यालाच आहे. अटी दोनच. पहिला तासभर घरातल्या मोठ्या माणसाने सोबत बसायचं, आणि ‘चल, तुला दह्यातले जिवाणू दाखवतो’ असं कबूल करून बसायचं नाही.

मनू प्रकाश आणि जिम सिबुल्स्की यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात हा बनवला. प्रकाश मूळचे मेरठचे, आयआयटी कानपूरला शिकलेले. २०१४ साली त्यांचा शोधनिबंध आला, तेव्हा सुट्या भागांचा खर्च एका डॉलरच्या आत बसतो हीच त्यातली चर्चेची गोष्ट ठरली. भाग तरी किती? घडीचा कागद, काचेचा एक बारीक मणी, काही चुंबकं, आणि काही संचांत छोटा एलईडी दिवा.

सगळी करामत त्या मण्याची. १४० पट देणारा मणी २.४ मिलिमीटर व्यासाचा, म्हणजे साबुदाण्याच्या कच्च्या दाण्याएवढा. नववी-दहावीतलं मूल घरात असेल तर हे गणित त्याच्याकडूनच करून घ्या. गोल मण्याचं नाभीय अंतर (भिंगापासून उजेड जिथे एकवटतो तिथवरचं अंतर) काढायला अपवर्तनांक (पदार्थ उजेडाला किती वाकवतो ते सांगणारा आकडा) आणि व्यास यांचा गुणाकार करायचा, अपवर्तनांकातून १ वजा करून त्याची चौपट घ्यायची, आणि पहिल्याला दुसऱ्याने भागायचं. काचेचा अपवर्तनांक १.५२ धरला तर उत्तर येतं साधारण १.७५ मिलिमीटर. निरोगी डोळ्याला स्पष्ट दिसण्याचं किमान अंतर २५ सेंटिमीटर, म्हणजे २५० मिलिमीटर. २५० भागिले १.७५ केलं की १४३. खोक्यावरचा १४० हा आकडा असा वहीत पडताळून बघता येतो.

हेच सूत्र पाण्याला लावलं तर मजा आहे. पाण्याचा अपवर्तनांक १.३३, त्यामुळे गोल थेंबाचं नाभीय अंतर जवळजवळ त्याच्या व्यासाएवढंच निघतं. मणी जितका लहान तितकं चित्र मोठं, हे मुलांना आधी उलटंच वाटतं. संच घरी येईपर्यंत फोनच्या पडद्यावर पाण्याचा एक शिंतोडा उडवून बघा. पांढऱ्या भागावरच्या थेंबात तांबडे, हिरवे, निळे ठिपके वेगवेगळे दिसतात.

एका भिंगाची ही युक्ती नवी नाही. हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावचा कापडाचा व्यापारी अँटोनी व्हान लेवेनहूक सतराव्या शतकात हेच करत होता. धातूच्या दोन पातळ पट्ट्या, मध्ये इवलंसं भिंग, समोर सुईच्या टोकावर नमुना आणि तो पुढेमागे करायला स्क्रू. पाण्यातल्या ‘छोट्या प्राण्यां’बद्दलचं त्याचं गाजलेलं पत्र लंडनच्या रॉयल सोसायटीला गेलं ते १६७६ साली. त्या काळात दोन भिंगांचे सूक्ष्मदर्शक होतेच. रॉबर्ट हूकने तसाच एक वापरून १६६५ मध्ये बुचाच्या कापातले कप्पे दाखवले आणि त्यांना ‘सेल’, म्हणजे कोठडी, हे नाव दिलं. पण दोन भिंगं म्हटली की रंगांच्या झालरी आणि धूसरपणाही दुप्पट. तो दोष आटोक्यात यायला एकोणिसावं शतक उजाडलं. तोवर एकच चांगलं भिंग दोन वाईट भिंगांना भारी होतं, आणि स्वस्त खेळण्यांच्या बाबतीत आजही तेच खरं आहे.

जोडणी सोपी आहे, पण घाईची नाही. तक्त्यातून भाग सुटे करताना ओढू नका, कडेकडेने दाबत काढा. घडी घालण्याआधी प्रत्येक रेषेवर पट्टी धरून बोथट वस्तूने, न चालणाऱ्या बॉलपेनने वगैरे, एकदा चर पाडा. मग घडी सरळ बसते. ती तिरकी बसली की मणी आणि उजेडाचं भोक एका रेषेत येत नाही आणि चित्राची एक बाजू काळी राहते. पुष्कळ मुलं इथे ‘भिंग खराब आहे’ म्हणून मोकळी होतात. दोष भिंगाचा नसतो. घडी उघडून पुन्हा घाला.

फोकस करायला कागदाचीच एक उतरती पट्टी आहे. ती सरकवली की मणी नमुन्याच्या जवळ जातो किंवा लांब होतो. इथे एक आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. नाभीय अंतर १.७५ मिलिमीटर, पण ते मण्याच्या मध्यापासून मोजायचं. त्यातून मण्याची त्रिज्या १.२ वजा केली की मण्याची पाठ आणि नमुना यांत उरतो जेमतेम अर्धा मिलिमीटर. आता काचेची स्लाइड उलटी घातली, तर मध्ये येते एक मिलिमीटर जाडीची काच. मग पट्टी कितीही सरकवा, चित्र स्पष्ट होणं शक्यच नाही. ‘काहीच दिसत नाही’ ही तक्रार आली की सगळ्यात आधी स्लाइडची बाजू बघा: नमुना आणि त्यावरचं पातळ झाकण मण्याकडे, जाड काच उजेडाकडे.

बघायचं कसं? दुर्बिणीसारखं लांब धरून नाही. कागद भुवईला टेकला पाहिजे. खिडकीतल्या आभाळाकडे किंवा पांढऱ्या भिंतीवर पडलेल्या उजेडाकडे तोंड करा. सूर्याकडे कधीही नाही, हे मुलांना बजावून सांगा, कारण मणी ऊन एकवटतो आणि पुढे डोळाच असतो. साधा लांबचा-जवळचा नंबर असेल तर चष्मा काढून बघितलं तरी चालतं, फोकस तेवढं सांभाळून घेतो. एक डोळा मिटणं लहान मुलांना जमत नाही. त्या डोळ्यावर तळहात ठेवू द्या.

सुरुवातीला मुलं हमखास ओरडतात, ‘किडा! किडा पळतोय!’ काचेसारखे धागे, गोल मण्यांच्या माळा, नजर वळवली की पळणाऱ्या. हे बहुतेक वेळा त्यांच्याच डोळ्यातल्या द्रवात तरंगणारे तंतू असतात. बारीक भिंगातून उजेडाची फार निमुळती शलाका डोळ्यात जाते, त्यामुळे एरवी न जाणवणाऱ्या या तंतूंच्या सावल्या ठळक होतात. पारख सोपी आहे: स्लाइड थोडी सरकवा. स्लाइडबरोबर सरकलं तर नमुन्यातलं, नजरेबरोबर सरकलं तर डोळ्यातलं. एकच भिंग असल्यामुळे चित्र सुलटं दिसतं, हाही मोठा फायदा आहे. स्लाइड डावीकडे गेली की चित्रही डावीकडेच जातं. शाळेतल्या दोन भिंगांच्या सूक्ष्मदर्शकात सगळं उलटं फिरतं आणि नवख्या हातांची तारांबळ उडते.

पहिला नमुना कांद्याचाच घ्या. पाकळीच्या आतल्या, खोलगट बाजूचा पारदर्शक पापुद्रा चिमट्याने सोलून निघतो. नखाएवढा तुकडा पाण्याच्या थेंबात सपाट पसरा आणि झाकणाची काच एका कडेवर टेकवून हळूहळू आडवी करा. वरून थेट टाकली की हवा अडकते. जाड काळ्या कडेचं, आत चकचकीत असं गरगरीत वर्तुळ दिसलं तर तो बुडबुडा आहे, पेशी नव्हे. मुलांच्या वह्यांमधल्या निम्म्या ‘पेशी’ अशाच असतात. झाकणाची काच पातळ आणि धारदार असते. लहान हातांना ती देण्यापेक्षा पारदर्शक प्लॅस्टिकच्या पातळ कागदाचा चौकोन कापून द्या. कांद्याच्या पेशी विटांच्या भिंतीसारख्या लांबट दिसतात, पण इतक्या फिक्या की उजेड थोडा कमी केल्याशिवाय कडा उठत नाहीत.

त्यात रंग भरायचा तर औषधाच्या कपाटातलं पोव्हिडोन आयोडीन पुरतं: एक थेंब दहा थेंब पाण्यात. पण आयोडीनची खरी गंमत बटाट्यात आहे. कापलेल्या बटाट्यावर सुरी हलकेच ओढून निघालेलं पाणी स्लाइडवर घ्या, झाका, आधी तसंच बघा. काचेच्या गोट्यांसारखे लंबगोल कण दिसतील. हे पिष्टाचे कण. मग झाकणाच्या एका कडेला पातळ आयोडीनचा थेंब ठेवा आणि समोरच्या कडेला टिपकागद लावा. आयोडीन आत ओढलं जातं आणि एकेक कण फिक्या जांभळ्यापासून काळ्यानिळ्यापर्यंत रंगत जातो. ही लाट सरकताना दिसणं म्हणजे या कागदी यंत्राचा सगळ्यात भारी खेळ. आयोडीन पातळ न करता टाकलं की सगळं एकदम काळं होतं आणि बघायला काही उरत नाही. पुढच्या स्लाइडवर तांदळाची पिठी घ्या. बटाट्याचे मोठे कण शंभर मायक्रॉनच्या आसपास जातात, तांदळाचे मात्र तीन ते आठ मायक्रॉनचे. १४० पटीलाही ते नुसती बारीक रांगोळी दिसतात. (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन.)

इथेच या यंत्राची हद्द कळते. दोन मायक्रॉनच्या आसपासचा तपशील ते वेगळा दाखवू शकतं, त्याखालचा नाही. दह्यातले जिवाणू मायक्रॉनभर रुंदीचे आणि पारदर्शक, म्हणून ते यादीतून वगळा. यीस्ट दिसतं, पण ठिपक्यांसारखं. केस, डासाचा पंख, फुलपाखराच्या पंखावरचे खवले, जास्वंदीचे काटेरी परागकण उत्तम दिसतात. हे कोरडे नमुने पारदर्शक चिकटपट्टीवर उचलून कागदी स्लाइडवर लावले की झालं. पाण्याचे नमुने मात्र कागदी स्लाइडवर घेऊ नका. चिकटपट्टी सुटते आणि पाणी यंत्रात झिरपतं.

जिवंत काही हवं असेल तर उकळून गार केलेल्या पाण्यात मूठभर वाळलेलं गवत आणि चमचाभर डबक्याचं पाणी घाला. बरणीचं झाकण सैल ठेवा, उन्हात ठेवू नका. चार दिवसांपासून आठवड्याभरात पाणी गढूळतं, वासही येतो. गवताजवळचा थेंब घ्या. आत पॅरामेशियम हा एकपेशी जीव असला तर ते असं सुसाटत जातं की नजर पुरत नाही. थेंबात कापसाचे दोन-चार तंतू टाका, त्यांच्या कुंपणात ते अडकतं. नंतर हात साबणाने धुणं आलंच.

फोनला जोडायची सोय चुंबकाची आहे. तीन-चार कॅमेऱ्यांच्या फोनवर मुख्य कॅमेरा कोणता हे एकेक भिंग बोटाने झाकून ओळखा आणि चुंबकी कडी बरोबर त्याच्या मध्यावर चिकटवा. केसभर जरी सरकली तरी चित्र चंद्रकोरीसारखं कापलं जातं. चित्र स्थिर ठेवायला ज्या कॅमेऱ्यांत भिंगच हलतं, तिथे जवळच्या चुंबकामुळे ते थरथरू शकतं. अशा फोनवर चुंबक न लावता हातानेच धरावं. मधला भाग स्पष्ट आणि कडा पुसट, हे दोन्हीकडे राहणारच. गोल मण्याचा तो स्वभाव आहे.

मग १२०० पटीच्या प्लॅस्टिकच्या खेळण्याचं काय? आकडा खोटा असतोच असं नाही, निरुपयोगी असतो. भिंग किती रुंद कोनातून उजेड गोळा करतं यावर तपशील ठरतो. स्वस्त प्लॅस्टिकचं भिंग फार अरुंद कोनातून घेतं, म्हणून दोनेकशे पटीनंतर फक्त धूसरपणा मोठा होतो. त्यात नमुना ठेवायची जागा डुगडुगते. ४०० पटीला मिलिमीटरचा शंभरावा भाग एवढा हिसका डोळ्याला चार मिलिमीटरचा वाटतो. खरंच पुढे जायचं असेल तर अंबाल्यात बनणारा धातूचा विद्यार्थी सूक्ष्मदर्शक घ्या. १० आणि ४५ पटीची काचेची भिंगं, १० पटीचं नेत्रभिंग, म्हणजे १०० आणि ४५० पट. तो टेबलावर राहतो. फोल्डस्कोप खिशातून डबक्यापर्यंत जातो. आठ वर्षांखालच्या मुलाला मात्र दोन्ही नकोत, दहा पटीचं हातभिंग पुरे.

संच घेताना तीन गोष्टी तपासा: दिवा आहे का, फोनची चुंबकी कडी आहे का, काचेच्या किंवा प्लॅस्टिकच्या स्लाइडा आहेत का. नुसता कागद आणि मणी असलेला साधा संच दिवसा उजेडी ठीक, पण मुलांना वेळ मिळतो तो बहुधा रात्रीच्या जेवणानंतर, आणि ट्यूबलाइटकडे बघत धरून हात दुखतात.

मणी शर्टाने पुसू नका. ओलसर मऊ कापसाची एक फिरकी बस. पापण्यांचं तेल लागून चित्र दुधाळ होतं, तेवढ्यावर ते निघतं. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात सगळा संच स्टीलच्या डब्यात, औषधांच्या बाटलीतून निघणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. तरी जुन्या चिकटपट्टीच्या स्लाइडांवर पांढुरकी बुरशी धरेलच. पट्टी न उघडता ती स्लाइड एकदा यंत्रात घाला: बुरशीचे फांद्या फुटलेले धागे याच यंत्रात छान दिसतात.