‘देशी झाडांचं सेंद्रिय टॉनिक’ म्हणून युरिया विकतायत, सावध राहा

मे संपत आला की मुंबईतल्या सोसायट्यांमध्ये खतवाले फिरायला लागतात. आमच्या मुलुंडच्या सोसायटीत यंदा आलेल्याने दोन गोष्टी खपवल्या: गांडूळखताची पोती आणि ‘कुडा, बकुळ, पारिजातक, अडुळसा अशा देशी झाडांसाठी खास सेंद्रिय टॉनिक’ म्हणून पांढऱ्या दाण्यांच्या पुड्या. 200 ग्रॅमला 150 रुपये. दोन्हींत फसवणूक होती.

आधी पुडी. चमचाभर दाणे अर्धा पेला पाण्यात ढवळले की पेला हाताला गार लागतो आणि तळाशी काहीच उरत नाही. शेणखत, निंबोळी पेंड, हाडांचा चुरा असं विरघळत नाही. खात्री करायची तर खिडकी उघडी ठेवून थोडे दाणे जुन्या चमच्यात तापवा. वितळून अमोनियाचा झणझणीत वास आला, म्हणजे युरिया. त्यात 46 टक्के नत्र (नायट्रोजन) असतं, आणि शेतकऱ्याला 45 किलोची अख्खी गोणी 300 रुपयांच्या आत मिळते.

लोक फसतात ते पहिल्या आठवड्यात. पानं हिरवीगार होतात, माणूस खूश होऊन आणखी दोन पुड्या घेतो. मग पानांच्या कडा करपतात, कळ्या येईनाशा होतात, लुसलुशीत फुटव्यावर पिठ्या ढेकूण ही कापसासारखी पांढरी कीड बसते. कुड्यासारखं झाड सह्याद्रीच्या मुरमाड उतारावर, पालापाचोळ्यावर वाढणारं. त्याला एवढं नत्र कुंडीत पेलवत नाही.

युरिया घातला गेला असेल तर वरचे दाणे खरवडून काढा आणि कुंडीच्या तिप्पट-चौपट पाणी हळूहळू ओतून खालून वाहून जाऊ द्या. ग्रिलमधली कुंडी असेल तर हे मोरीत करा, खालच्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर नको. नवा फुटवा येईपर्यंत कसलंही खत नको.

पोत्याची लबाडी साधी आहे. वर चार बोटं खरं गांडूळखत, दोन-चार जिवंत गांडुळंसुद्धा. खाली माती, रेती आणि भाताच्या तुसाची काळी राख. म्हणून हात कोपरापर्यंत घालून तळातला नमुना काढायला लावा. चांगलं, हलकं ओलसर गांडूळखत लिटरच्या डब्यात साधारण पाऊण किलो भरतं. सव्वा किलोच्या पुढे गेलं तर माती-रेती आहे. मूठ दाबल्यावर पाणी गळलं, तर वजनासाठी पाणी मारलंय. मूठभर खत पाण्याच्या बाटलीत हलवून पाच मिनिटं ठेवा. तळाशी रेतीचा जाड थर आणि वर तरंगणारी काळी तुसं दिसली की पोतं परत करा.

खत नियंत्रण आदेश 1985 प्रमाणे पोत्यावर उत्पादकाचं नाव, निव्वळ वजन आणि घटकांचं प्रमाण छापलेलं लागतं. कोऱ्या पोत्यातलं, शिवण उसवलेलं खत घेऊच नका. बिल मागा. पैसे यूपीआयने द्या, म्हणजे नाव हाताशी राहतं आणि ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार करताना उपयोगी पडतं.

आणि देशी झुडपाला लागतं किती? 12 इंची कुंडीला जूनच्या सुरुवातीला दोन मुठी गांडूळखत, पाऊस सरल्यावर ऑक्टोबरात आणखी दोन, वर सुक्या पानांचा थर. जुलैच्या मुसळधार पावसात घातलेलं खत वाहूनच जातं. तेरड्याला तर चांगल्या मातीपलीकडे काही लागत नाही.