तुळशीबाग, रविवार पेठ, तांबट आळी : पितळ-तांब्याची भांडी घ्यायला जाताना

पितळेचं पातेलं आता घरबसल्याही मागवता येतं. तरी ते पुण्याच्या पेठेत जाऊनच घ्यावं. इथे भांडं डोळ्यांसमोर तराजूत पडतं, त्याला कल्हई, म्हणजे आतून कथलाचा पातळ थर, करून मिळते, त्यावर नाव घातलं जातं आणि पुढे कधी चेपलं, चिरलं तर मोडीत घेणारंही याच गल्ल्यांत भेटतं. ही सगळी कामं पायी फिरण्याच्या अंतरात होतात, आणि जुन्या बाजारपेठेची खरी किंमत हीच आहे.

सुरुवात तुळशीबागेपासून करावी. नारो आप्पाजी खिरे यांनी १७६१ मध्ये इथे राममंदिराचं काम सुरू केलं आणि पुढे देवळाभोवती बाजार वाढला. पूजेची उपकरणं आणि स्वयंपाकघरातल्या बारीकसारीक वस्तूंसाठी आजही इतकी निवड एका जागी सहसा दिसत नाही : ताम्हन, पळी-पंचपात्र, निरांजन, समई, सोऱ्या, पुरणयंत्र, खलबत्ता, पितळी भातुकली. जवळच विश्रामबागवाड्यातली टपाल कचेरी आणि पलीकडे १८८६ ची अष्टकोनी मंडई. मनिऑर्डर, सोऱ्या आणि भाजी एका फेरीत उरकण्याची सोय पुण्यातल्या कितीतरी घरांनी वापरली. मनिऑर्डर मागे पडली, बाकीची दोन कामं अजून तशीच होतात.

सोऱ्या घेताना त्याच्या वजनावर खूश होऊ नका, दट्ट्या बघा. दट्ट्या आणि नळकांडं यांच्यात फट राहिली की चकलीचं पीठ खाली न उतरता कडेने वर चढतं आणि हात भरून येतो. सगळ्या चकत्या दुकानातच एकेक बसवून बघा, झाकणाचे आटे दोन-तीनदा फिरवा. आटे अडत असतील तर तो सोऱ्या परत ठेवा, घरी गेल्यावर ते सैल होत नाहीत. समईचे भाग सुटे करून पुन्हा जोडायला लावा. ती सपाट फरशीवर डुलता कामा नये. वरच्या तबकात पाणी घालून पाच मिनिटं थांबा. ओतकामात राहिलेलं बारीक छिद्र नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, आणि मग दिवाळीत तेल दांड्यावरून ओघळत बैठकीपर्यंत येतं. खिशात छोटं लोहचुंबक असू द्या. मुलामा दिलेलं लोखंड त्याला लगेच चिकटतं, पितळ चिकटत नाही.

रोजच्या स्वयंपाकाची भांडी मात्र तुळशीबागेच्या गर्दीत घेऊ नयेत. तिथे बऱ्याचदा पातळ पत्र्याचा, चकचकीत माल पुढे केला जातो. त्यासाठी रविवार पेठ. भांडं किलोच्या भावाने घ्या आणि पत्र्याचा गेज विचारा. गेजचा आकडा जितका लहान तितका पत्रा जाड : १८ गेज म्हणजे सुमारे १.२ मिलिमीटर, २२ म्हणजे ०.७. भाजी-आमटीच्या पातेल्याला १८ किंवा त्याहून जाड हवा. २२ गेजचं पातेलं गॅसवर एका जागी तापतं आणि मधोमध भाजी लागते. पाण्याच्या कळशीला तो पत्रा चालतो. काठ वळवताना आत अनेकदा लोखंडी तार घातलेली असते, तिचंही वजन पितळेच्या भावाने लागतं. चुंबक काठावरून फिरवा आणि भाव ठरवतानाच त्याबद्दल बोलून घ्या. कडीचंही तसंच. काशाची वाटी घ्यायची असेल तर बोटाच्या टोकावर तोलून टिचकी मारा. चांगलं कांसं बराच वेळ घुमतं, तडा असेल तर आवाज बद्द येतो.

आता कल्हई, कारण पितळेची निम्मी निराशा इथेच होते. ताक, चिंचेची आमटी, सार, टोमॅटोची भाजी बिनकल्हईच्या पितळेत ठेवली की कळकते आणि ती खाणं धोक्याचं. दारावर 'कल्हईऽऽ' अशी हाळी देत, भाता आणि कोळशाची पिशवी घेऊन येणारे कल्हईवाले जवळजवळ दिसेनासे झाले. त्यामुळे भांडं घेतानाच कल्हई कुठे आणि कोण करून देणार हे दुकानदाराला विचारा. शक्य असेल तर समोर उभं राहून करून घ्या. आधी भांडं घासून लखलखीत करतात, भट्टीवर तापवतात, नवसागर टाकतात, पांढरा धूर उठतो, मग कथलाची कांडी टेकवून कापसाच्या बोळ्याने कथील चपळाईने सगळीकडे फिरवतात. भांडं नीट घासलेलं नसेल किंवा कमी तापलं असेल तर कथील तिथे धरत नाही, काळे ठिपके राहतात. असे ठिपके बुडाच्या कडेला आणि गळ्याच्या वळणात शोधा, दिसले तर तिथल्या तिथे पुन्हा करायला सांगा. कथील शुद्धच हवं, शिसं मिसळलेलं डाग द्यायचं, म्हणजे सांधे जोडायचं, कथील खाण्याच्या भांड्याला अजिबात नको. शुद्ध कथलाची कांडी वाकवली की करकर वाजते.

कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळतं. म्हणून कल्हईचं पातेलं रिकामं तापत ठेवायचं नाही आणि कोरडं भाजणं त्यात करायचं नाही. आतून तारेची घासणी बंद, मऊ कापड आणि साबण पुरे. चिंच-मीठ फक्त बाहेरून. आत पितळेचा पिवळा रंग डोकावू लागला की पुन्हा कल्हईची वेळ झाली. पाणी ठेवायच्या तांब्याच्या भांड्याला कल्हई करत नाहीत. त्यात लिंबू सरबत किंवा ताक मात्र कधी ठेवू नये.

तांबट आळीत, म्हणजे तांबं घडवणाऱ्या कारागिरांच्या गल्लीत, मनासारखं घडवून घ्यायला जावं. मठारकामाचे, म्हणजे हातोडीने ठोकून घडवण्याचे, ठोके नुसत्या शोभेचे नसतात. ठोक्याठोक्याने तांबं कडक होतं आणि भांडं सहजी चेपत नाही. हाताच्या कामात प्रत्येक ठोका शेजारच्यापेक्षा किंचित वेगळा पडतो, साच्यातून काढलेल्या नक्षीत तोच तुकडा पुन्हा पुन्हा येतो. घंगाळ, बंब, मोठी परात असं काही हवं असेल तर माप, गेज आणि कड्यांची जागा कागदावर लिहून द्या, आणि सणाच्या तोंडावर जाऊ नका. इथला भाव दुकानापेक्षा चढा वाटेल. तो मजुरीचा आहे आणि योग्य आहे. तीन ठिकाणांपैकी आमची पहिली पसंती हीच.

नाव घालायचं तर गळ्याखाली, बाहेरच्या बाजूला. पूर्वी छिन्नीच्या ठिपक्यांनी नाव, गाव आणि तारीख उमटवत, आता विजेच्या यंत्राने घालतात. पातळ पत्र्यावर खोल कोरू देऊ नका. जुनी भांडी मोडीत देताना नव्याचा भाव मिळणार नाही, घट धरतातच. पण आजीच्या जाड हंड्या-कळशा मोडीत घालण्याआधी तांबट आळीत दाखवा. चेप काढून आणि डाग देऊन बरीच भांडी पुन्हा वापरात येतात, आणि तसल्या जाडीचं नवं भांडं बरंच महाग पडतं.

गाडी घेऊन जाण्याच्या भानगडीत पडू नका. सप्टेंबर २०२४ पासून मंडईला भुयारी मेट्रो थांबते आणि तांबट आळीसाठी पुढचंच कसबा पेठ स्थानक सोयीचं आहे. आठवड्याच्या मधल्या वारी सकाळी दुकानं उघडता उघडता गेलात तर दुकानदार निवांत असतो, माल काढून दाखवतो. रविवारी आणि गणपतीच्या आधीच्या पंधरवड्यात समईत पाणी घालून थांबायला कोणी वेळ देणार नाही. बिलावर वजन, दर आणि कल्हईची मजुरी वेगवेगळी लिहून घ्या. जाड कापडाच्या दोन पिशव्या न्या, परातीच्या काठाने प्लास्टिकची पिशवी मंडईपर्यंतही टिकत नाही.